ड्रॉइंगवर नसलेली लाईन

हे खरं आहे. पटलं तर पटलं, नाही तर मला भ्रम झाला म्हणा. तसं म्हणणारे माझ्याकडे आधीच ढीगभर आहेत.

भुतं म्हणे रात्रीच येतात. मी जे ऐकलं ते रविवारी, भर दुपारी, डोक्यावर रणरणतं ऊन असताना.

मी एका रसायनांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे. बाई असले तरी पदाचं नाव तेच. माझं काम पी अँड आयडी काढायचं. म्हणजे कारखान्याचा असा नकाशा, ज्यात कुठली टाकी कुठल्या पाइपने कशाला जोडली आहे, मध्ये कोणता व्हॉल्व्ह आहे, कोणतं मीटर आहे, एवढंच असतं. लांबी-रुंदी नसते. घरातल्या नात्यागोत्यांसारखं, कोण कोणाचं लागतं तेवढंच.

त्यातलं एखादं नातं लपवलं, तर माणूस मरतो.

माझा दादा तसाच मेला.

दादा त्याच कारखान्यात ऑपरेटर होता. टाकी साफ करायला आत उतरायचं तर आधी तिला येणारी प्रत्येक लाईन बंद करायची, व्हॉल्व्हला कुलूप घालायचं. कुठल्या लाईन? ड्रॉइंगवर आहेत त्या. दादाने ड्रॉइंग हातात धरून एकेक बंद केली. आतली हवा तपासली. उतरला.

वर आला तो चौघांच्या हातांवर.

नायट्रोजन. वास नाही, रंग नाही. आपल्या श्वासात प्राणवायू राहिला नाही, हे माणसाला कळतही नाही.

चौकशी झाली. ड्रॉइंग तपासलं, टाकी तपासली. दोन्ही तंतोतंत जुळलं. त्या टाकीला नायट्रोजनची लाईनच नाही, तेव्हा तो दुसऱ्या एखाद्या लाईनमधून आला असणार, म्हणजे ऑपरेटरनेच कुठला तरी व्हॉल्व्ह नीट बंद केला नसणार. निष्काळजीपणा. जो बोलू शकत नाही त्याच्या माथी मारलं की काम सोपं होतं.

मोठे साहेब घरी आले. वहिनीसमोर बसून म्हणाले, "थोडं लक्ष द्यायला हवं होतं हो त्याने." आणि चहा पिऊन गेले.

ते गेल्यावर वहिनी मला म्हणाली, "तू तिथेच काम करतेस ना? हे चुकले का नाही, एवढं मला सांग. दुसरं काही नको."



कारखाना पुन्हा सुरू करायचा तर नवं ड्रॉइंग हवं होतं. जसं आहे तसं. त्यासाठी लाईन चालावी लागते. हातात कागद आणि पिवळा पेन घ्यायचा, पाइप जिथून निघतो तिथून तो पोचतो तिथवर पायी जायचं, आणि डोळ्यांनी पाहिलं की कागदावरची रेघ पिवळी करायची. खुर्चीत बसून पिवळं करणारे पुष्कळ असतात. मी चालते.

सोबत फिटर होता. त्याला सगळे पहिलवान म्हणतात, कारण फुंकर मारली तर उडून जाईल असा आहे. दादाचा जुना दोस्त.

पंप बंद. कंप्रेसर बंद. चालू कारखान्याच्या आवाजाची इतकी सवय झालेली असते, की त्या शांततेने कान दुखायला लागतात.

आम्ही टाकीच्या माथ्यावरच्या जाळीवर चढलो. सगळ्या लाईन पिवळ्या झाल्या. टाकीचं एकच तोंड उरलं होतं. त्यावर लोखंडी झाकण, बोल्ट आवळलेले. ड्रॉइंगवरही झाकणच. मी पेन टेकवला, आणि...

ठण्ण.

हात तिथेच थांबला.

थोड्या वेळाने पुन्हा...

ठण्ण.

एक ठोका, मग दम खाऊन दुसरा. पाइपातून काही वाहतंय का, हे बघायला पाना मारतात. सगळेच मारतात. पण दोन ठोक्यांच्या मध्ये असा रेंगाळणारा दादा एकटाच. मी त्याला चिडवायची, "दार वाजवतोयस का रे? कोणी उघडणार नाही."

"पहिलवान, खाली कोण आहे?"

"कोणी नाही ताई. आज आपण दोघंच."

"मग ठोकतंय कोण?"

"मला नाही बुवा काही ऐकू आलं."

इतक्या घाईने म्हणाला, की त्यालाही ऐकू आलंय हे मला कळलं.

पुन्हा आवाज आला... हातभर पुढून.

तिथे काहीच नव्हतं. नुसती हवा होती.

पाइपावर पाना मारल्याचा आवाज, आणि पाइप नाही.

खोटं कशाला बोलू, भीतीपेक्षा राग जास्त होता. मला जे येतं ते मी केलं. लाईन चालले. आवाज पुढे, मी मागे. तो जाळीच्या वाटेवरून, डोक्याच्या उंचीवर, आडवा गेला. कठड्याच्या पलीकडे गेला. मी शिडीने खाली उतरले, पुन्हा त्याच्या मागे लागले.

शेवटचा ठोका पडला तो नायट्रोजनच्या मुख्य पाइपावर.

सगळा पाइप धुळीने काळवंडलेला. त्या एका जागी मात्र तळहाताएवढा ताजा रंग. त्याखाली घासून काढलेलं वेल्डिंग बोटाला लागत होतं.

मग आवाज आला नाही.

मागे वळले तर पहिलवान जमिनीवर बसला होता.

"दादा रजेवर होता त्या आठवड्यात," तो म्हणाला. "माल लवकर बाहेर काढायचा होता. साहेब म्हणाले, तात्पुरती लाईन टाक, ड्रॉइंगचं नंतर बघू. मी टाकली. ती नायट्रोजनची आहे, हे दादाला कोणी सांगितलं नाही."

"आणि?"

"तो गेला त्या संध्याकाळी म्हणाले, कापून टाक. मी कापली."

"चौकशीत का नाही बोललात?"

"ताई, मला दोन पोरी आहेत."

"दादालाही एक आहे."

तो रडायला लागला. मला त्याची दया आली नाही. अजूनही येत नाही.

सोमवारी ती लाईन लाल पेनाने काढून ड्रॉइंग साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"ही कुठली लाईन?"

"तुम्ही टाकायला लावलेली."

"दाखवा मला."

"तुम्हीच कापून टाकलीत."

साहेब हसले. "अहो, इतकी वर्षं काम करताय. जे नाही ते काढायचं नाही, हे आता मी शिकवायचं का तुम्हाला?"

माझ्याच धंद्याचा नियम माझ्याच तोंडावर मारला. आणि नियम खरा होता. ड्रॉइंग चुकलं म्हणून यांनी कारखानाच कापून ड्रॉइंगसारखा करून टाकला होता. चोर तो चोर, वर शिरजोर.

त्यांनी पहिलवानला बोलावून घेतलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "अशी लाईन कधी नव्हतीच साहेब."

मी सही केली नाही. दुसऱ्याने केली, खुर्चीत बसून. मला स्टोअरमध्ये बोल्ट मोजायला बसवलं.

कारखाना सुरू व्हायच्या दिवशी साहेब पाहणीला टाकीवर गेले. मागे सगळी वरात. मला कोणी बोलावलं नव्हतं, तरी मी गेले. स्वच्छ सकाळ होती. साहेब सगळ्यांच्या पुढे, सुरक्षिततेवर बोलत, जाळीच्या वाटेवरून चालले होते, आणि मध्येच...

ते वाकले.

हेल्मेटवर हात ठेवून, मान खाली घालून, कशाच्या तरी खालून गेले. पलीकडे जाऊन सरळ उभे राहिले. मग वळून वर बघितलं.

वर मोकळं आभाळ होतं.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांच्या मागून पहिलवान आला, तोही वाकला. त्याच्या मागे एक नवा इंजिनिअर होता. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो आपला ताठ चालत आला...

त्याचं हेल्मेट उडून जाळीवर घरंगळत गेलं. कपाळातून रक्त येत होतं.

रिपोर्टमध्ये लिहिलं, तोल गेला.

त्या संध्याकाळी मी वहिनीला सगळं सांगितलं. म्हटलं, "दादा चुकला नव्हता."

ती म्हणाली, "मला माहीत होतं गं. पण हे आता तुझ्या-माझ्याशिवाय कोण म्हणणार?"

आता तिथे सगळेच वाकतात. नव्या माणसाला जुने सांगतात, इथे वाक रे. का, ते कोणी विचारत नाही. ड्रॉइंगवर ती जागा कोरी आहे, आणि कागदोपत्री माझा दादा अजून निष्काळजी आहे.

मी मात्र त्या वाटेने जात नाही. डोकं आपटायची भीती नाही मला. भीती वेगळीच आहे. एखाद्या दिवशी मी तिथून सरळ चालत जाईन आणि डोक्याला काहीच लागणार नाही. मग दादाच्या बाजूने त्या कारखान्यात काहीच उरणार नाही.