कंदील ठेवण्याचा नियम

दुपारी दोन वाजता मिस्त्री दुकानाचं शटर अर्धं ओढत आणि जिना चढून घरी येत. खाली शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या. तीस वर्षं हाच क्रम होता. हात कितीही धुतले तरी बोटांना मशीनच्या तेलाचा ओशटपणा राहायचाच. बायको म्हणायची, "तुम्ही घरात कुठे कुठे फिरलात ते मला भिंतीवर वाचता येतं." दर शनिवारी ती साबणाचं फडकं घेऊन दिव्यांची बटणं, दारांच्या कडा, फ्रीजचं हँडल पुसत जायची आणि पुसता पुसता त्यांचा उद्धार करायची.

तिला जाऊन चौदा महिने झाले होते. बटणं मिस्त्रींना स्वतःला पुसता आली असती. पण ते काम तिचं होतं, आणि त्यांचा हात काही तिकडे वळला नाही. डाग साठत गेले.

तिचं एकच काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. तीन ते चार या वेळात ते तिच्या कॉम्प्युटरसमोर बसत आणि तिचा खेळ खेळत.

खेळ साधा होता. एक नदी, काठावर गाव. कोणी भाजी लावायची, कोणी मासे धरायचे, कोणी होडीतून माल न्यायचा. कुठल्या कुठल्या गावांतली माणसं आपापल्या घरी बसून सोंगं घ्यायची आणि सोंगाला शोभेल असं लिहून बोलायची. बायको दाढीवाला नावाडी व्हायची. मिस्त्रींनी एकदा विचारलं होतं, "अगं, दाढी कशाला?"

"जन्मभर बाई म्हणून वावरले. तासभर कोणी काही विचारू नये," ती म्हणाली होती.

नदीकाठच्या फळ्यांच्या धक्क्यावर तिची पाच-सहा जणांची मंडळी जमायची. एकदा एक नवखा आला आणि त्यांच्यातल्या एकीच्या मागे लागला. तू खरी बाई की बाप्या, खरं सांग. ती गेली ती परत आलीच नाही. मग बायकोने नियम घातला. असं काही विचारायचंच असेल तर आधी आपलं खरं सांगायचं. मग आपल्या सोंगाच्या हातातला कंदील समोरच्याच्या पायाशी ठेवायचा आणि थांबायचं. त्याने उचलला तर उत्तर मिळेल. नाही उचलला तर आपला कंदील मुकाट्याने घ्यायचा. आणि एका माणसाला एकदाच विचारायचं, एकच प्रश्न, पुन्हा कधीच नाही.

"आपलं लग्न ठरताना एवढे सोपस्कार नव्हते," मिस्त्री म्हणाले होते.

"म्हणून तर फसले."

याच नियमाने आता मिस्त्रींना आडोसा दिला होता. तिच्या नावाड्याच्या सोंगात आता कोण बसतं, हे धक्क्यावर कोणी सहज विचारणार नव्हतं. जगात एवढी एकच जागा उरली होती जिथे ती गेलेली नव्हती. तिथे तिला लोक हाका मारत, तिची वाट बघत. ती जागा त्यांना मोडायची नव्हती.

टोपीवाला म्हणून एक जुना गडी होता, त्याला तेवढा संशय यायचा. "नावाडीबुवा, हल्ली गप्प असता. पूर्वी जीभ कशी कात्रीसारखी चालायची."

"दाढ दुखतेय," मिस्त्रींनी लिहिलं.

"चौदा महिने? काढून टाका की ती दाढ."

दर रविवारी मुलीचा फोन यायचा. "बाबा, आईचं ते खातं बंद करा आता. निदान त्या लोकांना सांगा तरी."

"सांगतो."

"मागच्या रविवारी पण सांगतो म्हणालात."

अशात परडीवाली आली. हातात परडी, डोक्याला रुमाल, वीस वर्षांच्या पोरीचं सोंग. धक्क्याच्या टोकाशी बसायची, बोलायची कमी. पहिल्या दिवशी उठताना तिने लिहिलं, "दूध ठेवलंय, जाते."

मिस्त्रींचा हात थांबला. बायको अगदी हेच लिहून उठायची. पण दूध काय, सगळेच ठेवतात.

पुढच्या आठवड्यात परडीवालीने धक्क्याला लागलेल्या होड्या एकेक करून फिरवल्या. सगळ्यांची तोंडं नदीकडे केली. टोपीवाल्याने विचारलं, हे कशासाठी?

"निघताना वळावं लागू नये."

मिस्त्रींनी मान वळवून दाराकडे पाहिलं. उंबऱ्याशी त्यांच्या चपला होत्या, पुढची टोकं बाहेरच्या बाजूला. बायकोने लावलेली सवय होती ती. कारणही तिने हेच दिलं होतं, याच शब्दांत.

मग एका मंगळवारी समोरच्या ग्रिलवाल्याने लोखंड कापायला काढलं. कर्कश आवाज चालला होता.

"खाली लोखंड कापतायत, डोकं उठलंय," परडीवालीने लिहिलं.

मिस्त्री उठून खिडकीशी गेले. ग्रिलवाल्याने यंत्र बंद केलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. ते परत येऊन बसले तेव्हा पडद्यावर ओळ उमटली होती.

"थांबलं एकदाचं."

मिस्त्री भुताखेतांवर विश्वास ठेवणारे नव्हते. मशीन आवाज करतं म्हणजे कुठेतरी काहीतरी झिजलेलं असतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मनाला समजावलं की ग्रिलवाले सगळीकडे असतात. तरी चार रात्री त्यांना नीट झोप लागली नाही. विचारायचं तर आधी आपलं खरं सांगायला हवं होतं. म्हणजे ती गेली, हे तिच्याच धक्क्यावर, तिच्याच सोंगातून लिहायचं. आणि न विचारावं, तर रोज दुपारी ते 'दूध ठेवलंय' वाचत बसायचं.

शनिवारी त्यांनी लिहिलं. एकेक अक्षर शोधत लिहिलं.

"मी तुमचा नावाडी नाही. नावाडी माझी बायको होती. ती गेली. चौदा महिने झाले. मी पुरुष आहे. इतके दिवस सांगितलं नाही, माफ करा."

मग टोपीवाल्याने टोपी काढून फळ्यांवर ठेवली.

नावाडी चालत धक्क्याच्या टोकाशी गेला आणि त्याने कंदील परडीवालीच्या पायाशी ठेवला.

"तुम्ही खेळाबाहेर बाई आहात का?"

पडद्यावर नदी तेवढी वाहत राहिली. मिस्त्रींना वाटलं, आता ही उठणार, दूध ठेवलंय म्हणणार.

तिने वाकून कंदील उचलला.

"हो. पण हे सोंग माझं नाही. मिस्टरांचं आहे. ते दुपारी तासभर बसायचे. मी चेष्टा करायची, पोरीचं सोंग कशाला? म्हणायचे, जन्मभर मिस्त्री म्हणून वावरलो, तासभर कोणी काही विचारू नये."

मिस्त्रींनी टेबलाची कड धरली.

"शिलाई मशीन दुरुस्त करायचे," तिने पुढे लिहिलं. "ते गेले त्याला चौदा महिने झाले. ते नाहीत हे मी पण इथे कोणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत म्हणून धीर आला."

विचारायचं ते सगळं त्यांच्या बोटांत आलं होतं. पण कंदील एकच होता, प्रश्न एकच होता, आणि तो त्यांनी खर्च केला होता. नियम तिचा होता. तो त्यांच्याने मोडवेना.

तीच लिहीत होती.

"घरभर त्यांच्या बोटांचे तेलाचे डाग आहेत. ते असताना दर शनिवारी पुसायची. आता पुसवत नाहीत. मुलगी म्हणते, आई, पुसून टाक आता. आज शनिवार आहे. पुसू का?"

मिस्त्रींनी कीबोर्डकडे पाहिलं. कळांवर त्यांच्याच बोटांची चमक होती.

"पुसा," त्यांनी लिहिलं. "एखादा ठेवा."

"कुठला?"

"स्वयंपाकघराच्या दारामागचा. तिथे कोणाचं लक्ष जात नाही."

माझ्या दारामागे डाग आहे हे तुम्हाला कसं कळलं, असं तिने विचारलं नाही.

"मी पण तोच ठेवणार होते," तिने लिहिलं. मग, "दूध ठेवलंय, जाते."

कंदील घेऊन ती गेली. धक्क्याचं टोक रिकामं झालं.

चार वाजून गेले होते. दुकान उघडायचं होतं. मिस्त्रींनी कॉम्प्युटर बंद केला आणि उठून दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

बटण पांढरं स्वच्छ होतं.

दाराची कड स्वच्छ होती. फ्रीजचं हँडल स्वच्छ होतं. खोलीत साबणाचा वास होता.

ते स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी दार हळूच पुढे ओढलं. मागे, कमरेच्या उंचीवर, अंगठ्याचा एक डाग होता. त्यांनी अंगठा त्यावर टेकवला. बरोबर बसला.

डागाला धक्का लागू नये म्हणून फडकं त्याच्याभोवती जपून फिरवलेलं होतं. ती ओली गोल रेघ अजून वाळत होती.