डाव्या हाताची कात्री

कॅमेऱ्याचा तुटलेला पट्टा घेऊन तो दुकानात शिरला आणि मला तेव्हाच त्याचा संशय आला. पट्टा शिवायला शिंप्याकडे कोण येतं? त्यात त्याची नजर दुकानभर भिरभिरत होती.

"या रस्त्यावरच्या जुन्या दुकानदारांचे फोटो काढतोय," तो म्हणाला. "मास्तरांचा काढू? कापड कापताना?"

बाबा खुलले. मला मात्र हे नको होतं. बाबांना दोन वर्षांपासून नीट दिसत नव्हतं, आणि हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. बाबा पुढे मापं घ्यायचे, पडद्यामागे कापड मी कापायचे. गिऱ्हाइकं यायची ती मास्तरांच्या कटिंगसाठी. हे बाहेर फुटलं असतं तर दुकान बसलं असतं, आणि बाबा त्याच्याही आधी खचले असते.

बाबांनी टेबल चाचपून कात्री उचलली, उजव्या हातात ऐटीत धरली. फोटो निघाला... आणि मग माझं लक्ष गेलं. कात्री माझी होती. मी डावखुरी. ती कात्री उजव्या हातात कागदसुद्धा कापत नाही, हे कुठलाही शिंपी फोटो बघून सांगेल.

तो कॅमेऱ्याआडून माझ्या डाव्या हाताकडे बघत होता. खडूने माखलेली बोटं मी पाठीमागे लपवली.

दोन दिवसांनी स्वारी पुन्हा हजर. शर्ट शिवायचा होता म्हणे.

"माप बाबा घेतील," मी म्हणाले.

"आणि कापणार कोण?"

"तेही बाबाच."

"बरं..." तो गालात हसला. माझं डोकंच फिरलं.

बाबांनी बोटांनी त्याचे खांदे चाचपले. "श्वास सोड. पोट आत ओढून कोणाला फसवतोस?"

त्याने हसत कॅमेरा माझ्या हातात दिला. "एक काढता? माझा मला काढता येत नाही." मी नाइलाजाने बटण दाबलं.

मग तो शर्ट न्यायला आला. मग कॉलर सैल करायला. मग तीच कॉलर घट्ट करायला. हा नक्की कसला माग काढतोय, या विचाराने मला जेवण जाईना. रविवारी रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांच्या काचांवर त्याने काढलेले फोटो लागणार होते.

शनिवारी तो एक पाकीट घेऊन आला. बाबा मागच्या खोलीत पडले होते.

"कात्रीवालाच लावणार ना?" मी सरळ विचारलं. "कोणाकोणाला सांगितलंत?"

"कोणालाच नाही. तो त्याच दिवशी पुसून टाकला."

त्याने पाकीट उघडलं. आत मी काढलेला फोटो होता. त्याच्या खांद्याच्या शिवणीवर बाबांचं बोट, मान कललेली, डोळे अर्धवट मिटलेले. इतके रुबाबदार बाबा मी कितीतरी दिवसांत पाहिले नव्हते. मला भरून आलं.

"मग एवढ्या चकरा कशाला मारल्यात?"

"कॉलर जरा..."

"कॉलरला काही झालेलं नाही. मीच कापलीये ती."

बोलून गेले... आणि जीभ चावली. दोन वर्षांत हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"माहितीये," तो हळूच म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "फोटोखाली काढणाऱ्याचं नाव लिहायचंय. ते तुमचं. तेवढंच विचारायला आलो होतो... म्हणजे, तेवढंच नाही. उद्या संध्याकाळी मोकळ्या आहात का?"

"कोण गं?" आतून बाबांचा आवाज आला. "तो कॉलरवाला का? त्याला म्हणावं, मला दिसत नाही, पण एवढं कळतं."

बाबांनी ते स्वतःच्या तोंडाने, परक्या माणसासमोर सांगितलं होतं.

"मोकळी आहे," मी म्हणाले, आणि त्याच्या देखत डाव्या हाताने कात्री उचलली.