क्लच चुकलाय

कचेरीची गाडी भर चौकात रुसली आणि ती कशीबशी ढकलत जवळच्या गॅरेजात आणावी लागली. नाहीतर शब्दकोशवालीची आणि मिस्त्रीची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. गाडी दुरुस्त होईपर्यंत ती बाकावर बसून कोशाची कच्ची पानं तपासत होती. मिस्त्री चिंधीला हात पुसत मागून डोकावला आणि म्हणाला, ‘क्लच’ चुकलाय. तिनं लिहिलं होतं : दाबताच पकडणारा भाग. कारण जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचं मूळच मुळी बोटं वळवून मूठ आवळणं.

“मूठ खरीच,” तो म्हणाला, “पण ती आधीपासून आवळलेली असते. तुम्ही पाय दाबला की सुटते... इंजिन आणि चाकं तेवढ्यापुरती वेगळी होतात.”

ती खजील झाली आणि का कोण जाणे, सुखावलीही. धरलेलं असणं हीच मुळातली स्थिती, सोडायला मात्र जोर लावावा लागतो, हे तिला कुठल्याच कोशात सापडलं नव्हतं. मग तिनं संपादकांना पटवलं, की यंत्रांचे सगळेच शब्द नीट विचारून घ्यायला हवेत. आज गिअर, उद्या पिस्टन... कचेरी सुटली की बाई गॅरेजात हजर. मालकीण म्हणजे मिस्त्रीची आत्या. ती न विचारता चहाचा आणखी एक कप भरू लागली. मधेच नजरानजर झाली, की त्याला पाना सापडेनासा होई आणि तिला पान.

आणि एक दिवस यंत्रांचा विभाग छापायला गेला. आता यायला निमित्त उरलं नव्हतं आणि निमित्ताशिवाय यायची तिची छाती नव्हती. तरी ती गेली. उसनं अवसान आणून तिनं विचारलं, नट म्हणजे काय हो?

तो हसला नाही.

“नट तुम्हाला ठाऊक आहे. पिस्टनही ठाऊक होता. चित्र तुमच्याच पानावर होतं.”

“मग... इतके दिवस समजावत का बसलात?”

“तुम्ही थांबावं म्हणून.” तो जरा अडखळला. “उद्या काही काम नसताना ये.”

‘या’ नाही, ‘ये’. शब्दांवर जगणारीच ती, तिच्या कानातून हे कसं निसटावं? तिचे डोळे भरून आले.

“उद्या तू ये,” ती म्हणाली, “आमच्याकडे. आत्यांना घेऊन. बाबा घरीच असतील.”