चादरीचं दुसरं टोक

आमच्या वाळत घातलेल्या चादरीत एक माणूस अडकला, तिथून हे सगळं सुरू झालं. त्याला आता चाळीसच्या वर वर्षं झाली.

लॉजच्या गच्चीवर मी बारा चादरी टाकल्या होत्या. वारा मनासारखा होता, चादरी फडफड वाजत होत्या. मधल्या चादरीला एकाएकी डोकं आलं, मग दोन हात आले, आणि आतून कोणी विचारलं, "अहो, बाहेरची वाट कुठे?"

"घुसलात तिथूनच!" माझ्या तोंडात दोन चिमटे होते, म्हणून शब्द दातांतून निघाले.

तो बाहेर आला. विस्कटलेले केस, हसरे डोळे... आणि माझ्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर ग्रीसचा अख्खा पंजा!

"हे काय केलंत?"

"सही," तो म्हणाला. माझा चेहरा पाहून त्याचं हसू विरलं. "चुकलं. मी धुऊन देतो."

"या हातांनी?"

तो मेकॅनिक होता. कपडे वाळवायचं यंत्र खाली आणून ठेवलं होतं, त्याच्या वाफेच्या नळीसाठी गच्चीवर जागा बघायला आला होता. असं यंत्र येतंय हे मला त्याच्याकडूनच कळलं.

झालं होतं असं, की माझ्या जोडीला काम करणाऱ्या मावशीचा खांदा आखडला होता. चादर पिळायला, ताणायला, घडी करायला दोन माणसं लागतात. मॅनेजरने आम्हाला न विचारताच तोडगा काढला होता. सोमवारी दोरीचे खांब कापायचे. दोरीबरोबर आमचं कामही जाणार होतं.

मला माझ्या कामाचा गर्व होता, आणि तो मी कधी लपवला नाही. माझ्या चादरीला इस्त्री लागत नसे. ओली असतानाच झटकायची, काठाला काठ जुळवून दोरीवर टाकायची, जराशी दमट असताना चार कोपरे धरून ताणायची आणि पुन्हा उन्हात सोडायची. त्या चादरीवर झोपणाऱ्याला वाटायचं, आत्ताच कोणी ऊन अंथरून गेलंय.

मी मॅनेजरला गच्चीवर बोलावलं. "एक चादर यंत्रात वाळवा, एक दोरीवर. मग ठरवा."

"आणि निवाडा कोण करणार? तू?"

"हे करतील." मी मेकॅनिककडे बोट दाखवलं.

मावशीने कपाळाला हात लावला. "अगं ठिणगे, चोराच्याच हाती किल्ल्या देतेस?"

दोन्ही चादरी वाळल्या. माझी ताणताना मावशीने दात-ओठ खाऊन एका हाताने दुसरी बाजू धरली होती. मेकॅनिकचे डोळे बांधले. "हात मागे!" मी बजावलं. त्याने एकीवर गाल टेकला, हुंगली. दुसरी हुंगली. परत पहिली. परत दुसरी.

मॅनेजर वैतागला. "अहो, चादर आहे ती, लग्नाचं स्थळ नव्हे!"

"ही," तो शेवटी म्हणाला.

माझीच होती. पण माझं नाक खाली येईना. "कीव आली म्हणून सांगत असाल, तर खुशाल यंत्र बसवा."

त्याने पट्टी काढली. "कीव? ते यंत्र मी माझ्या हातांनी जोडलंय. तुमची कुठली ते गाल टेकताच कळलं, काठाला चिमट्याचा चावा होता. म्हणून तर माझी पुन्हा पुन्हा हुंगली... कुठेतरी सरस निघेल म्हणून. नाही निघाली."

एवढं खरं बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता.

"चादर सरस, मान्य," मॅनेजर म्हणाला. "पण मावशीचा हात बघ. दुसरं टोक कोण धरणार?"



"मी," मेकॅनिक म्हणाला. "समोरच्या गल्लीत तर माझं दुकान आहे."

"आज धराल हो. उद्या?"

"उद्याही."

"परवा?"

तो माझ्याकडे वळला. कान लालबुंद. "यांची... हरकत नसेल तर... रोज."

वारासुद्धा थांबला होता. मावशी पदर तोंडाला लावून खोकत होती — खोकला बिकला काही नव्हता तिला.

मी मान ताठ ठेवली. "टोक धरायला शिकावं लागतं."

"शिकवाल?"

"आधी हात धुऊन या."

तो दोन-दोन पायऱ्या ओलांडत नळाकडे पळाला. मॅनेजर डोकं खाजवत म्हणाला, "राहू द्या खांब. यंत्र ढगाळ दिवसांना ठेवू."

तो परत आला, पाणी गळणारे दोन्ही तळवे मला दाखवत. मी ते टॉवेलने कोरडे केले आणि चादरीचे दोन कोपरे त्याच्या हाती दिले. एकदा ताणली. मग घडीसाठी तो माझ्याकडे चालत आला, मी त्याच्याकडे. बोटांना बोटं लागली.

"आता?" त्याने विचारलं.

"आता मागे सरा."

"ते तेवढं," तो हळूच म्हणाला, "शिकवू नका."