सगुणाबाईची सावड

ही घडलेली गोष्ट आहे. पटत नसेल त्याने पासलीला यावं. भाताचं खाचर जागेवर आहे.

आणि रात्र नव्हती. पैंजण नव्हते, पिंपळ नव्हता. त्यासाठी वाचत असाल तर इथूनच मागे फिरा.

भर दुपार होती. यंदाच्या आषाढातली. पाऊस असा, की समोरचा तोरणा आठवडाभर कुणी पाहिला नव्हता.

आमच्या भावकीतला गोरख बांधावर उभा राहून गावाला शिव्या देत होता.

“एक बी आला न्हाई. समदी भिकारडी!”

“कसं येत्याल?” त्याची बायको कुंदा म्हणाली. “तुमी कुनाच्यात गेलाय?”

भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, एकट्यादुकट्याचं काम नाही. म्हणून सावड. आज सगळे तुझ्या खाचरात वाकतात, उद्या तू त्यांच्या. हे कुठं लिहिलेलं नसतं. मोडत मात्र कुणी नाही.

गोरखने मोडली.

गेल्या वर्षी शेजारची सगुणाबाई त्याच्या आवणीला आली होती. मागं ना मूल ना बाळ. कमरेत वाकलेली. “तुजं बरंय आत्ते, तुला वाकायला नगं,” असं म्हणून गोरख हसायचा. तिची पाळी आली, तेव्हा हे साहेब किकवीला. मेव्हण्याकडे. आखाडाचं मटण खायला.

“म्हातारीच्या हातभर खाचरासाठी कंबर मोडू व्हय? आज हाय, उद्या न्हाई.”

तिचं रोप वाफ्यातच पिवळं पडलं. थंडीत ती गेली.

गावही धुतल्या तांदळासारखं नव्हतंच. इतकी वर्षं म्हातारीला दुसरं कुणी सावडीत घेत नव्हतं. पण मेल्यावर सगळ्यांना तिचा पुळका आला. कुणी तोंड वाजवलं नाही. यंदा फक्त गोरखकडे आलं नाही.

गावातला रखमाजी बांधावरून गेला. थांबलासुद्धा नाही.

“तुमचं बरंय गोरखराव. तुमाला मानसं लागत न्हाईत.”

चिखल केलेला होता. रोप उपटून ठेवलेलं होतं. आता आवणी झाली नाही तर रोप कुजणार, आणि वर्षाचं भात गेलं.

एवढंच. भूतबित नंतर.

दोघंच वाकली. डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी. आवणीत माणूस मागे मागे सरकतं. समोर लावलेलं रोप, पाठीशी मोकळा चिखल. खोळीतून शेजाऱ्याचं तोंड दिसत नाही. हात तेवढे दिसतात.

थोड्या वेळाने...

डुबुक.

डुबुक.

कुंदा उजवीकडे होती.

आवाज डावीकडून येत होता...

गोरखने खोळीच्या कडेतून पाहिलं. दोन हात. काळे, हाडकुळे. झरझर रोप रोवणारे.

आला कुणीतरी भिकारडा, त्याला वाटलं. लाज वाटली असेल. तो मनात हसला. बोलला नाही. बोललं की उपकार मानावे लागतात. त्याने रोपाची एक मूठ तिकडे भिरकावली, कुत्र्याला भाकरी टाकावी तशी.

ती लावून झाली.

दुसरी भिरकावली.

तीही लावून झाली.

दिवस कलता कलता त्याची टाच मागच्या बांधाला टेकली. त्याने कंबर सरळ केली.

“कोन रं?”

कुणी नव्हतं.

खाचर भरलेलं. बांधावर चढलेली चिखलाची पावलं त्याची आणि कुंदाची. डावीकडून कुणी वर चढलंच नव्हतं.

कुंदाने डावी बाजू पाहिली आणि पदर तोंडाला लावला.

“अवो... असं दाट सगुणात्याच लावायची.”

“गप. फुकटात झालं का न्हाई?”

“सावडीत फुकट नसतंय काई.”

दुसऱ्या दिवशी सगुणाबाईच्या पडीक खाचरात चिखल केलेला होता. बैल गेल्याची खूण नाही. टिलर कुणी ऐकला नाही.

बांधावर रोपाच्या मुठी. ओल्या...

“जावा,” कुंदा म्हणाली. “पाळी आपली हाय.”

“जातो की! मेलेल्याचं उपकार नगंत मला. तोंडावर मारतो आन येतो.”

गेला. थुंकला. वाकला.

डुबुक.

त्याचाच हात होता.

डुबुक.

हा नव्हता...

त्याने डावीकडे पाहिलं नाही. पाहायचं नाही, एवढी अक्कल त्या क्षणी त्याला आली. उशिरा आली. तो मागे सरकत राहिला. हातभर खाचर. बांध आता यायला हवा होता.

टाच मागे टाकली... चिखल.

पुन्हा टाकली... चिखल.

पुन्हा...

दिवेलागणीला कुंदा शोधत आली. सगुणाबाईचं खाचर केव्हाच लावून झालं होतं. गोरख बांध ओलांडून पलीकडच्या कातळावर वाकला होता. मागे मागे सरकत होता. हातात रोप नव्हतं. रिकामी बोटं दगडावर रोवत होता, आणि दगडावर लाल ओळ उमटत होती.

“अवो, झालं! उठा!”

त्याने मान वर केली नाही.

“थांब गं. थोडंच राहिलंय. म्हातारी अजून दमली न्हाई.”

रखमाजीला हाक मारून त्याला उचलून आणावं लागलं. बोटं भरून आली. महिन्याभराने तो रखमाजीच्या रानात बेणणीला, तण काढायला गेला. न बोलावता. शिव्या देणं बंद झालं.

गाव म्हणतं, सुधारला. गावाला काय कळतंय.

चालता चालता तो मधेच थांबतो. टाच मागे टाकून काहीतरी चाचपतो. मग पुढे जातो. हे फक्त कुंदाला माहीत आहे. आणि आता तुम्हाला.

सध्या कापणीचे दिवस आहेत. सगुणाबाईच्या खाचरात भात पिकून आडवं झालंय. तिकडे कुणी उतरत नाही.

परवा सकाळी गोरखच्या खाचराची डावी कड कापलेली निघाली...

“रानडुक्कर असंल,” रखमाजी म्हणाला.

रानडुक्कर पेंढ्या बांधून ठेवत नाही.

कुंदाने घरातले विळे लपवलेत.

गोरख शोधतोय.