आठची बोट

थायलंडमधल्या क्राबीच्या विमानतळावर सामानाचा पट्टा गरगर फिरत होता आणि बसवेशनं भलतीच बॅग उचलली.

"अहो, ती माझी..." म्हणत मागून एक हात पुढे आला, आणि तिथंच थबकला. "बसवेश?"

"सृष्टी! इल्लेन माडाकत्तीरी?" इथं काय करताय, असं बसवेशनं कन्नडमधून विचारलं, आणि ते दोघंही खळखळून हसले.

मग जी कन्नड सुरू झाली ती थांबेचना. दोन हात अंतरावर निवेदिता ट्रॉली धरून उभी होती. बारा वर्षांच्या मैत्रीत बसवेशच्या कन्नडमधलं 'ये', 'बस', 'जेवलीस का' एवढंच तिच्या पदरात पडलं होतं. आणि ही मोकळ्या केसांची, गालावर खळी पडणारी मुलगी त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आतच हसत होती!

"कोण गं ती?" व्हॅनमध्ये बसल्या बसल्या तिनं ऋतुजाला हळूच विचारलं. उत्तर मात्र ऋतुजाचा नवरा ओजस यानं दिलं, तेही मोठ्यानं.

"अगं, अक्कलकोटचं स्थळ की! चार महिन्यांपूर्वी बसू बघायला गेला नव्हता का? ती ऑफिसच्या लोकांबरोबर आलीय म्हणे. आपल्या शेजारच्याच हॉटेलात."

"जमलं नाही म्हणाला होतास ना?" निवेदितानं पुढच्या सीटकडं बघत विचारलं.

"नाहीच जमलं," बसवेश मागे न वळता म्हणाला.

"न जमलेल्याशी एवढं हसायला येतं व्हय रे?"

खिडकीबाहेर नारळीची झाडं पळत होती, मधूनच समुद्राची निळी पट्टी चमकायची. चौघं सोलापूरच्या एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. ओजस-ऋतुजाचं लग्न झालं, बसवेश चिंचोळी एमआयडीसीत लागला, निवेदिता क्लासमध्ये गणित शिकवू लागली. परदेशातला समुद्र बघायचा हा बेत शेवटच्या परीक्षेपासून ठरत होता आणि मोडत होता. यंदा तिकिटं निघाली तेव्हा निवेदितानं मनाशी पक्कं केलं होतं... इथं आल्यावर त्याला सांगायचं. आणि आता समुद्र दिसतोय तोच मध्ये ही खळी!

संध्याकाळी चौघं वाळूवर आले, तर सृष्टी आधीच तिथं. बसवेश तिच्याशेजारी जाऊन बसला. पाणी सोनेरी झालं होतं, लाटा पायाशी येऊन गुदगुल्या करत होत्या, पण निवेदिताचं सगळं लक्ष कानांत. बोलता बोलता सृष्टीनं त्याच्या दंडावर चापट मारली. त्यानं मान खाली घातली... लाजला! चिंचोळीच्या कारखान्यात शंभर माणसांवर ओरडणारा बसवेश चक्क लाजला. आणि मग त्या कन्नडमध्ये 'निवेदिता' असं आलं. एकदा नाही, दोनदा.

हिच्यापुढं माझी थट्टा करतोय? हातातल्या शहाळ्याचं पाणीसुद्धा कडू लागलं.

थोड्या वेळानं सृष्टी स्वतःच तिच्याजवळ आली. "उद्या आमचे लोक खरेदीला चाललेत. मला कंटाळा येतो त्याचा. बसवेश म्हणाले, बेटावर जायच्या तुमच्या बोटीत एक जागा आहे. किती वाजता निघायचं?"

बोट आठला होती.

"दहाला," निवेदिता म्हणाली. अगदी हसून म्हणाली.

सकाळी आभाळ भरून आलं होतं. लांब निमुळती बोट गुडघाभर पाण्यात डुलत होती. बोटवाला घड्याळावर बोट आपटून घाई करत होता.

"अजून कशी येईना ही?" बसवेश किनाऱ्याकडं डोळे लावून उभा होता. "फोन पण उचलत नाही."

"झोपली असेल," ऋतुजा म्हणाली.

"तशी नाही ती. शब्दाची पक्की आहे."

किती ओळखतोस रे तिला! निवेदितानं ओठ घट्ट मिटले. पण त्याच्या कपाळावरची आठी तिच्याच्यानं बघवेना. इंजिन फटफटलं, बोट हलली. निवेदिता असली नव्हती. वर्गात कुणी खोटं बोललं तर त्याला बाकावर उभं करणारी बाई होती ती.

"थांबवा! बोट थांबवा!"

"काय झालं गं?"

"मी तिला दहा सांगितलं." तिनं चपला हातात घेतल्या. "मुद्दाम सांगितलं."

कुणी काही म्हणायच्या आत ती पाण्यात उतरली. मागं आणखी एक धप्प झालं. वळून बघते तर बसवेश, पँट भिजलेली, चष्म्यावर थेंब. "तुम्ही व्हा पुढं!" तो ओजसला ओरडला.

वाटेत भुरभुर पाऊस सुरू झाला. कोमट, खारट वासाचा.

"का सांगितलंस तसं?" त्यानं चालता चालता विचारलं.

"आधी तिची माफी मागते. मग तू काय ओरडायचं ते ओरड."

सृष्टी हॉटेलच्या ओसरीत नाश्ता करत होती. निवेदितानं सगळं एका दमात सांगून टाकलं. सृष्टीची खळी विझली.

"वाईट वाटलं मला," ती सरळ म्हणाली. "मी टोपी, टॉवेल सगळं काढून ठेवलं होतं." मग तिनं निवेदिताच्या लाल झालेल्या डोळ्यांकडं निरखून पाहिलं, बसवेशच्या भिजल्या पँटकडं पाहिलं... आणि त्याला कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. तो कानापर्यंत लाल झाला.

"मराठीत बोला की!" निवेदिताचा आवाज चिरकला. "कालपण माझ्याबद्दल बोलत होतात तुम्ही. हसा, पण मला कळेल असं हसा!"

"मराठीत सांगते." सृष्टीनं चमचा खाली ठेवला. "हे आमच्या घरी आले, गच्चीवर मला म्हणाले, माझ्या मनात एक आहे, पण तिला अजून विचारलं नाही. असला राग आला मला! म्हटलं, मग आधी तिला विचारायचं, लोकांच्या घरी कशाला यायचं? काल पहिलं तेच विचारलं, झालं का विचारून? तर म्हणे, धीर होत नाही. वर बोलता बोलता दोनदा तुमचंच नाव. आत्ता विचारलं, हीच का ती?"

निवेदितानं बसवेशकडं बघितलं. तो चष्मा पुसत होता. पुसून झालेला चष्मा पुन्हा पुसत होता.

"मी पपई घेऊन येते," सृष्टी उठली. "तेवढ्यात आटपा."

छपरावर पाऊस टपटपत राहिला.

"निवे..." तो म्हणाला. "म्हणजे... बारा वर्षं झाली... तू जर नाही म्हणालीस, तर दर रविवारी गप्पा मारायला मी कुणाकडं जायचं..."

"इतके दिवस नुसता भीत बसलास?"

"लई."

"आणि मी काल रात्रभर तिच्या खळीला शिव्या घालतेय!" ती हसली, आणि हसता हसताच डोळे भरले. टेबलावरचा त्याचा ओला हात तिनं मुठीत धरला. "हो, बाबा. हो. लिहून देऊ का?"

सृष्टी पपईची बशी घेऊन आली. दोघांचे हात बघून थांबली.

"विचारलं?"

"अजून नाही," बसवेश म्हणाला. "पण ती हो म्हणालीय."