बर्फातलं शून्य

दूध डेअरीत तापमान तपासायची नोकरी करणाऱ्या बाईला कपाळाला हात लावून ताप बघणारी माणसं पटत नाहीत. तिलाही पटत नसत. तिच्या पर्समध्ये कामावरचा बारीक सळईचा थर्मामीटर कायम असे, आणि त्याच्यावरही ती डोळे झाकून विश्वास टाकत नसे. पेल्यात बर्फाचा चुरा, वर थोडं पाणी, त्यात सळई. शून्य दाखवलं तर थर्मामीटर खरा. नवरा तिला ‘इन्स्पेक्टरसाहेब’ म्हणायचा.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. रक्ताच्या कॅन्सरनं त्याला अंथरुणाला खिळवलं, सगळी औषधं थकली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी शेवटचा उपाय सांगितला. त्याच्याच रक्तातल्या लढणाऱ्या पेशी काढायच्या, दूरच्या प्रयोगशाळेत पाठवायच्या, तिथं त्यांना शत्रू ओळखायला शिकवायचं, आणि गोठवून परत आणून त्याच्याच अंगात सोडायच्या.

“म्हणजे माझीच पोरं शिकायला बाहेर धाडायची,” तो म्हणाला. “परत आल्यावर ओळख तरी देतील ना?”

डॉक्टरीणबाई हसल्या. “ताप आला तर घाबरू नका. ताप आला म्हणजे समजा, त्यांना शत्रू सापडला.”

मुलीला त्यांनी आत्याकडे ठेवलं. शाळेतून सर्दी-खोकला घरी येणार, आणि त्याच्या अंगात एक शिंक झेलायचीही ताकद उरली नव्हती. निघताना पोरगी दारातूनच बाबाला हात हलवत राहिली, जवळ जायची बंदी होती. त्याला घरी न्यायचं आणि पोरीला त्याच्या मांडीवर बसवायचं, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं. त्यापलीकडचं काही मागायची तिची हिंमत नव्हती.

पेशींची पिशवी आली ती मुठीएवढी. दोन नर्सनी आळीपाळीनं त्याचं नाव मोठ्यानं वाचलं, मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहिलं, आणि ते धुरकट पाणी नळीतून उतरायला लागलं. थोड्याच वेळात खोलीभर उकडलेल्या मक्याचा वास सुटला. पेशी गोठवताना घातलेल्या औषधाचा तो वास त्याच्या श्वासातून येत होता.

मग ताप आला. त्याला शब्द आठवेनात. नर्सनं पेन दाखवलं तर ‘जिना’ म्हणाला, आणि बायकोकडे बघून नुसताच हसला. तेव्हा ती आतून पार मोडली. पण ताप उतरला, शब्द परत आले, आणि एका सकाळी डोळे न उघडताच तो पुटपुटला, “इथली लिफ्ट खालच्या मजल्यावर अडखळते. ब्रेक तपासायला सांग.” तिनं बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

सगळं सुरळीत चाललेलं असताना एका दुपारी फरशी पुसणाऱ्या मावशी खोलीत आल्या. बोलक्या बाई, बादली आधी आणि बडबड मागून. त्या पलंगाशी पोचल्या आणि त्याचे दात वाजायला लागले. तिनं काखेत सळई लावली. आकडा बघता बघता चढला. नर्सला बोलवायला ती उठली तोवर मावशी बादली घेऊन बाहेर पडल्या होत्या, आणि नर्स आली तेव्हा त्याचं अंग गार होतं.

थर्मामीटर बिघडला, तिनं ठरवलं. कँटीनमधून बर्फ आणला. सळईनं शून्य दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या आणि पुन्हा तेच झालं. त्या गेल्यावर त्यानं स्वतःच्या उजव्या बरगडीखाली हात ठेवला.

“इथं काहीतरी आहे,” तो म्हणाला.

“दुखतंय?”

“मला नाही. मावशींना.”

“काहीतरीच काय बोलतोस?”

“त्यांना सांग, तपासून घ्या म्हणावं.”

काय सांगणार? माझ्या नवऱ्याला तुमच्यामुळे ताप येतो, असं? मावशींनी फडक्यानं झोडपलं असतं. चार-सहा दिवसांनी दुसरीच बाई बादली घेऊन आली. मावशींच्या यकृतात गाठ निघाली, असं तिनं फरशी पुसता पुसता सांगितलं.

ही गोष्ट तिनं डॉक्टरीणबाईंना सांगितली नाही. योगायोग, असं ती स्वतःला बजावत राहिली. मात्र त्या दिवसापासून खोलीत कुणी आलं की तिची नजर आधी नवऱ्याच्या ओठांकडे जायची, थरथरतात का ते बघायला. स्वतः जवळ बसली तरी सळई लावून बघायची. काहीच चढत नसे. नणंद भेटायला आली तेव्हा तर तिनं तिला मुद्दाम पलंगाला खेटून बसवलं. तेव्हाही आकडा हलला नाही.

शेवटचा रिपोर्ट स्वच्छ आला. एकही वाईट पेशी नाही.

“आता त्यांना शोधायला काही उरलेलं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पेशी मात्र राहतील. पहारा देत.”

घरी जाताना लिफ्टमध्ये एक सुटाबुटातला माणूस शिरला. नवऱ्यानं तिचा दंड घट्ट पकडला. त्याची बोटं तापलेली होती. माणूस मधल्या मजल्यावर शीळ घालत उतरला, दार लागलं, आणि बोटं निवली. दोघंही एकमेकांकडे न बघता आकड्यांचे दिवे बघत राहिली.

काही दिवसांनी डॉक्टरांनी परवानगी दिली आणि आत्या पोरीला घेऊन आली. पोरगी उंच झाली होती. बाबाचं टक्कल बघून लाजली, मग हसली, मग धावत सुटली.

“हळू,” आत्या म्हणाली. “बाबा अजून कच्चा आहे.”

ती त्याच्या मांडीवर चढली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. इतके महिने जे मनात धरलं होतं ते समोर होतं.

त्याचे ओठ थरथरले.

“गारठा आहे,” तो घाईघाईनं म्हणाला. “खिडकी लाव, ताई.”

खिडकी बंदच होती.

आई जवळ गेली. तिनं त्याच्या काखेत सळई लावली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. नको म्हटल्यासारखी.

आकडा चढला.

“सोनू, जरा इकडे ये,” ती म्हणाली. पोरगी कुरकुरत उतरली, खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली. आकडा उतरला.

“आता परत बाबाकडे जा.”

“हा काय खेळ आहे?”

“जा ना, बाळा.”

आकडा चढला.

ती स्वयंपाकघरात आली. फ्रिजमधला बर्फ काढताना ट्रे हातातून निसटला, तुकडे फरशीवर पसरले. ते तिनं गोळा करून पेल्यात टाकले. वर पाणी घातलं. सळई बुडवली आणि आयुष्यात पहिल्यांदा देवाजवळ मागितलं, की थर्मामीटर खोटा निघू दे.

शून्य.

पेला तसाच हातात घेऊन ती दारात परत आली. आत्या पिशवीतले कपडे काढत होती. पोरगी बाबाच्या खांद्यावर मान टाकून निवांत पडली होती. तो रडत होता, आवाज न करता, आणि त्याचा तळहात तिच्या पाठीवर, डाव्या बाजूला, कमरेच्या जरा वर, एकाच जागी दाबून धरलेला होता.

त्यानं बायकोला पाहिलं आणि हात उचलला.

“काढू नकोस, बाबा,” पोरगी झोपाळू आवाजात म्हणाली. “तिथंच ठेव. तिथंच दुखतं.”